विषय क्रमांक एक

तुमच्या गावच्या नगरपरिषदेच्या मागच्या सभेत तुमच्या नावानं काय ठरलं, ते तुम्हाला माहीत आहे का?

लाजू नका. मलाही माहीत नव्हतं. मी तेव्हा महिन्याला दोन पत्रकं काढत होते आणि प्रत्येक पत्रकाच्या शेवटी ‘जनता जाब विचारेल’ असं ठोकून देत होते. कशाचा जाब, कोणत्या ठरावाचा जाब, असं कुणी विचारलं असतं तर माझी बोलती बंद झाली असती. एकदा ती झालीच. करणारे होते हमीदचाचा.

हमीदचाचा आमच्या गावचे जिल्दसाज. जुनी पुस्तकं, शाळांची रजिस्टरं, कचेऱ्यांची दफ्तरं शिवून त्यांना पुठ्ठा-कापड चढवणारे. गावाचं नाव सांगत नाही. कंधार आणि जळकोटच्या मधलं कुठलंही तालुक्याचं गाव समजा. नांदेडची बस आणि लातूरची बस एकाच फलाटावर लागते, आणि ज्याला त्याला वाटतं की आपलीच आधी सुटावी.

आमचा छापखाना आणि त्यांचं दुकान यांच्यात एकच भिंत. मी अक्षरं शिकले ती अंकलिपीवर नाही, अब्बांच्या नाही, माझ्या बाबांच्या यंत्रातून निघणाऱ्या ओल्या पत्रकांवर. (‘अब्बा’ लिहून गेले, कारण चाचांची मुलगी आणि मी एकाच बाकावर बसायचो आणि दोघींच्या घरांची सरमिसळ अजून माझ्या तोंडात आहे.) बाबा सगळ्या पक्षांची पत्रकं छापत. चाचा ती सगळी मोजून, घडी घालून देत. ते खळीत मोरचूद टाकायचे, पुस्तकाला कसर लागू नये म्हणून. त्यामुळं त्यांच्या उजव्या हाताची बोटं कायम निळसर असायची.

नगरपरिषदेचं वर्षाचं इतिवृत्त, म्हणजे सभेत कोण काय बोललं, ठराव कुणी मांडला, कुणी अनुमोदन दिलं याची सगळी नोंद, तीस वर्षं चाचांकडेच बांधायला यायची. आणि चाचा बांधायच्या आधी ती वाचायचे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

बाबा चिडवायचे. “हमीदभाई, तुम्हाला जिल्द बांधायला दिलंय, परीक्षेला बसायला न्हाई.”

“पान उलटं लागलं का सुलटं, हे वाचल्याबिगर कसं कळंल?” चाचा म्हणायचे. हे निमित्त होतं. त्यांना ते वाचायला आवडायचं. अख्ख्या गावात नगरपरिषदेचं इतिवृत्त वाचलेला तो एकटा माणूस होता. ज्यांनी ते ठराव केले त्यांनीही ते वाचलेले नव्हते.

त्या वाचनातला एक किस्सा ते नेहमी सांगायचे. जुन्या काळातले एक नगरसेवक हजला गेले होते. “मी स्वतः त्यांना स्टँडवर सोडाया गेलतो. हार घातलता. अन् वर्षाअखेरला पुस्तक बांधाया आलं, तर त्याच महिन्याच्या सभेत नालीच्या ठरावाला अनुमोदक म्हणून त्यांचंच नाव! मक्केत बसून आमच्या नालीला अनुमोदन दिलं की वो बेचाऱ्यानं!” मग हसू आवरून ते खरी गोष्ट सांगायचे. सभालिपिक अनुमोदकाची नावं हजेरीच्या वहीतल्या क्रमानं घालत जातो, माणूस हजर असो नसो. पहिल्या ठरावाला पहिला, दुसऱ्याला दुसरा. कुणी खरोखर हात वर केला का, हे कुणी बघत नाही. अध्यक्ष न वाचता सही करतात. “तीस वर्षं हेच चालू हाय, बेटा.”

मी हसले होते. हा किस्सा एक दिवस आमच्या गावाची लाज राखणार आहे, हे मला कसं कळावं?

चाचा एका निवडणुकीत अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी नगरपरिषदेला चिठ्ठी दिली की आता मी सभासद आहे, तुमचं बांधणीचं काम मला चालणार नाही. ज्या पुस्तकांवर जीव होता ती त्यांनी स्वतःहून सोडली. आणि पहिल्या सभेत उभे राहून पहिलं वाक्य बोलले, “विषय क्रमांक एक. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचून दाखवा.”

प्रत्येक सभेच्या अजेंड्यावर हा पहिला विषय असतोच. आणि प्रत्येक सभेत कुणीतरी ओरडतं, “वाचलं असं समजावं!” आणि सगळे पुढच्या विषयावर जातात. चाचा जाऊ देत नसत. सभालिपिक गिरी यांना उभं राहून पानंच्या पानं वाचावी लागत. सभागृहात जांभया, चहाचे कप, मोबाइल. पाठीमागून आवाज यायचा, “आला, विषय-एक आला!” तेच त्यांचं नाव पडलं. बाजारातसुद्धा लोक हाक मारायचे, “काय विषय-एक, कसं काय?” चाचा म्हणायचे, “बरं हाय. तुमच्या वार्डातल्या नळाचा ठराव वाचला का?”

नियमाचा हा माणूस कुणाचाच नव्हता, म्हणून सगळेच त्यांच्यावर खार खाऊन होते. सत्ताधारी गटाच्या सुमनबाई निवडून आल्या होत्या आणि खुर्चीवर त्यांचे मालक बसत होते. बाई भिंतीलगत बाकावर. तीन सभा असंच चाललं. चौथ्या सभेत चाचा म्हणाले, “अध्यक्षमहोदय, बारा नंबरच्या वार्डात कोण निवडून आलं?”

“सुमनबाई. सगळ्यांना ठाऊक हाय.”

“मग त्या खुर्चीवर मिशी कशी काय?”

सभागृह फुटलं हसून. मालक तणतणत उठले आणि प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसले. सुमनबाई खुर्चीवर आल्या त्या रागानं लालबुंद होऊन. जाता जाता चाचांना म्हणाल्या, “चारचौघांत घालवली आमची. तुम्हाला काय मिळालं?” चाचांनी आपला अजेंडा त्यांच्यापुढं सरकवला आणि म्हणाले, “ताई, हे वाचा. अडलं तर विचारा.” त्या वर्षभर बोलल्या नाहीत. पण वाचत होत्या. मी गॅलरीतून बघत होते. ओठ हलवत, बोट ठेवून वाचत होत्या.

विरोधी गटाचा बालाजी तर चाचांना सत्ताधाऱ्यांचा माणूसच म्हणायचा. बालाजी शेतकऱ्याचा पोरगा, तिशीच्या आतला, आवाज असा की माईक नको. एकदा त्याच्या गटानं सत्ताधाऱ्यांतले काही फोडून बहुमत जमवलं आणि घाईनं सभा लावून आपल्या सोयीचा ठराव पास करून घेतला. फटाके फुटले. मीही पत्रक काढलं, ‘विजय जनतेचा!’ दुसऱ्या दिवशी चाचांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. सभेच्या नोटिशीला मोकळे सात दिवस लागतात. नोटीस मिळाल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचा दिवस धरायचा नाही. इथं सहाच भरत होते. ठराव रद्द झाला.

बालाजी दुकानासमोर येऊन ओरडला, “किती घेतले त्यांच्याकडून?”

चाचा दोरा ओवत होते. मान वर न करता म्हणाले, “उद्या ते तुला सहा दिवसाच्या नोटिशीवर घालवतील, तवा माझ्याकडंच येशील. तवा मी सात मोजावं का सहा?”

मलाही राग आला होता. लिहून ठेवते, कारण चाचांबद्दल लिहायचं तर स्वतःला वगळून चालणार नाही. मला नियम म्हणजे भित्र्या माणसांचा आडोसा वाटायचा.

मग ती सभा आली.

सत्ताधाऱ्यांनी शेवटचा विषय ठेवला होता: सभेच्या कामकाजाच्या नियमांत बदल. यापुढं इतिवृत्त सभेत वाचलं जाणार नाही, आणि प्रश्न विचारायचा तर आठवडाभर आधी लेखी द्यावा, तो घ्यायचा की नाही हे अध्यक्ष ठरवतील. सरळ अर्थ एवढाच की विषय-एक बंद आणि बालाजीही बंद. बालाजी उठला, अध्यक्षांच्या टेबलापर्यंत गेला आणि त्यांच्यासमोरचा माईक ओढला. पुढच्या क्षणी गॅलरीतून माणसं आत घुसली. मी गॅलरीतच होते. लोखंडी खुर्ची मी वर जाताना पाहिली आणि खाली येताना डोळे मिटले. बालाजीचा उजवा हात कोपराखाली मोडला, डोकं फुटलं. चाचा त्याच्यावर आडवे पडले म्हणून दुसरा घाव वाचला. दवाखान्याच्या वहीत बालाजीला आणल्याची वेळ आहे बारा वाजून चाळीस मिनिटं.

पुढं काय झालं ऐका. सभागृहाचा कॅमेरा ‘दुरुस्तीला’ गेलेला निघाला. पोलीस म्हणाले, प्रकरण सभागृहातलं आहे, नगरपरिषदेचं इतिवृत्त येऊ द्या, मग बघू. विरोधकांनी सभागृहाची चौकशी समिती मागितली तर अध्यक्ष म्हणाले, प्रकरण पोलिसांत आहे, सभागृहाला चर्चा करता येत नाही. पोलीस सभागृहाकडं बोट दाखवत होते, सभागृह पोलिसांकडं, आणि मधे बालाजी गळ्यात हात अडकवून उभा. वरून उलटी तक्रार त्याच्यावरच, की त्यानं अध्यक्षांच्या अंगावर धाव घेतली. गावात कुजबूज होती की इतिवृत्तात ‘सभा शांततेत पार पडली’ असं लिहिलंय. पुढच्या सभेत ते कायम झालं की संपलं. मार बसलाच नाही, असं सरकारी कागद म्हणणार, आणि मार खाल्लेला माणूस खोटारडा ठरणार.

मी पेटले होते. एक हजार पत्रकं छापली. मारणाऱ्या तिघांची नावं लिहिली आणि शेवटच्या ओळीत चौथं नाव घातलं, अध्यक्षांच्या भावाचं. गठ्ठा घेऊन चाचांकडं गेले. त्यांच्या कपाळावर पट्टी होती. त्यांनी पत्रक वाचलं. अर्थात शेवटपर्यंत वाचलं.

“ह्यो चौथा होता का तिथं?”

“चाचा, सगळ्यांना ठाऊक आहे, करविता तोच आहे.”

“मी ठाऊक इचारलं न्हाई. तू गॅलरीत होतीस. तुला दिसला?”

माझी बोलती बंद झाली ती तेव्हा.

“मला पण दिसला न्हाई,” चाचा म्हणाले. “अन् मी तर खालीच पडून होतो, सगळ्यांचे पाय मोजून राहिलतो. एक नाव खोटं घातलंस, तर ते तीन खरे सुटले समज.”

त्यांनी गठ्ठा ठोकून सारखा केला, कटिंग मशीनच्या पात्याखाली सरकवला, पट्टीनं माप घेतलं आणि चाक फिरवलं. हजार पत्रकांची शेवटची ओळ एका घावात खाली पडली. कापलेल्या पट्ट्यांचा तो ढीग माझ्या पायाशी होता. तिथून पुढं मी लिहिलेल्या प्रत्येक पत्रकाची शेवटची ओळ मी आधी तपासते.

“आता घडी घालतो,” ते म्हणाले. “अन् काळजी नको करू. गिरीनं सवयीनं लिहिलं असंल. अध्यक्षांनी सवयीनं सही केली असंल. मला फक्त ते मोठ्यानं ऐकू येऊ दे.”

सभेच्या दिवशी गॅलरी खचाखच भरली. अध्यक्षांनी बसल्या बसल्या जाहीर केलं, “विषय एक. नव्या नियमानं इतिवृत्त वाचायचं न्हाई. कायम.”

चाचा उठले. “कोणता नवा नियम?”

“मागच्या सभेत झालेला.”

“त्या सभेचं इतिवृत्त कायम झालं का?”

“तेच तर करून राहिलो!”

“म्हणजे अजून झालं न्हाई. तवर जुना नियम. वाचून दाखवा.” आणि मुख्याधिकाऱ्यांकडं वळून, “साहेब, मी चुकत असंल तर सांगा.”

मुख्याधिकारी नव्यानंच आलेले तरुण अधिकारी होते. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, पान पाहिलं. म्हणाले, “वाचावं लागेल.”

गिरी उठले. विषय दोन, तीन, चार. त्यांचा आवाज नेहमीसारखाच सपाट. त्या दिवशी कुणी जांभई दिली नाही, चहा कुणी घेतला नाही. नाली, दिवे, कोंडवाडा. मग शेवटचा विषय आला.

“…कामकाज नियमांतील बदलास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली. सूचक…” त्यांनी सत्ताधाऱ्यांतल्या एकाचं नाव वाचलं. “अनुमोदक…”

गिरी थांबले. पानाकडं बघत राहिले.

“थांबू नका, गिरी,” चाचा म्हणाले. “तुमचंच अक्षर हाय. वाचा.”

गिरींनी बालाजीचं नाव वाचलं. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि पुढं, “सभा शांततेत पार पडून दुपारी दोन वाजता संपली.”

एक क्षण कुणालाच उमगलं नाही. मग बालाजी उठला, प्लॅस्टरमधला उजवा हात डाव्या हातानं वर धरला आणि त्याच्या त्या माईक नको असलेल्या आवाजात म्हणाला, “अध्यक्षमहोदय, बारा चाळीसला मी दवाखान्यात टेबलावर पडून होतो. मग दोन वाजता मी अनुमोदनाला हात वर केला, तो कोणता हो? ह्यो?”

गॅलरी अशी हसली की छताच्या पंख्यावरची धूळ खाली आली असेल. हसता हसता लोक उभे राहिले. ज्याला विरोध करताना हात मोडला, त्याच ठरावाचा अनुमोदक म्हणून त्याचंच नाव! हजेरीच्या क्रमात त्याचा नंबर आला होता, बस. खोटं बोलायला बसलेल्यांनी खोटंसुद्धा वाचून पाहिलं नव्हतं.

अध्यक्ष ओरडले, “लिहिण्यातली चूक हाय! नाव बदलून टाका.”

“बदला,” चाचा शांतपणे म्हणाले. “पण ज्याचं नाव घालाल, त्यानं उभं राहून सांगावं, की दोन वाजता मी हितं होतो अन् मी अनुमोदन दिलं. दवाखान्याची वही पोलीस मागवणारच हायेत. तुमची ही इतिवृत्ताची वही पण मागवू द्या.”

सत्ताधारी बाकांवर माना खाली गेल्या. अध्यक्षांनी एकेकाकडं पाहिलं. शेवटी म्हणाले, “सुमनबाई, तुम्ही होता ना? सांगा.”

सुमनबाई उठल्या. गॅलरीतून त्यांचे मालक मान डोलावत होते, हाव म्हणा, हाव म्हणा. मला वाटलं, संपलं.

“मी अनुमोदन दिलं न्हाई,” बाई म्हणाल्या. “दोन वाजता हितं कोणीच नव्हतं. बाराच्या पुढं गॅलरीतली माणसं आत आली. तिघांना मी वळखते. बालाजीला खुर्चीनं मारलं, ती खुर्ची माझीच होती, मला उठवून घेतली. माझ्या साडीवर रक्त उडालतं. साडी मी धुतली न्हाई. शांततेत लिहिलंय ते खोटं हाय. मला वाचता येतं आता.”

टाळ्या वाजल्या नाहीत. गिरींनी पेनाचं टोपण काढलं.

मग चाचांनी दुरुस्ती मांडली. गिरी लिहीत होते, चाचा सावकाश सांगत होते: कोण, कुठून, कशानं. बालाजीचा गट आनंदानं बाकं वाजवत होता. तेवढ्यात चाचा म्हणाले, “त्याच्या आधी लिहा. बालाजी यांनी अध्यक्षांसमोरचा माईक ओढला.”

“चाचा!” बालाजी दुखावून ओरडला.

“ओढला का न्हाई?”

बालाजीनं सभागृहाकडं पाहिलं, प्लॅस्टरकडं पाहिलं. “ओढला.”

“लिहा, गिरी.”

दुरुस्ती मताला टाकली. सुमनबाईंनी हात वर केला तसे सत्ताधाऱ्यांतले आणखी हात वर आले, एक, दोन, मग बरेच. इतिवृत्त दुरुस्त होऊन कायम झालं. नियमबदल गेला, चौकशी समिती झाली, त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत पोलिसांकडं गेली आणि आता त्यांना बोट दाखवायला दुसरं दार उरलं नाही. तिघांवर खटला उभा राहिला. आरोपींच्या वकिलानं कोर्टात सांगितलं की हे इतिवृत्त विरोधकांनी आपल्या सोयीनं लिहवून घेतलं. न्यायाधीशांनी विचारलं, मग यात फिर्यादीनं माईक ओढल्याचं कसं लिहिलंय? वकील बसले. तिघांना शिक्षा झाली.

त्या दिवशी सभेतून बाहेर पडताना बालाजीनं चाचांना एका हातानं उचललं होतं. खरंच उचललं. चाचा ओरडत होते, “अरे नक्को, नक्को, टाके तुटतील तुझे!” आणि बाजारात जो तो हाक मारत होता, विषय-एक, विषय-एक. तेच नाव. पण आता लोक ते घोषणेसारखं म्हणत होते.

सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले. चाचा पुन्हा नुसते जिल्दसाज झाले आणि नगरपरिषदेची दफ्तरं पुन्हा त्यांच्या दुकानात यायला लागली. मी लातूरला निघाले होते, बसला वेळ होता, म्हणून डोकावले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा. त्या सभेच्या वर्षाचंच इतिवृत्त बांधायला आलं होतं. ते पान समोर उघडं होतं: बालाजीचं नाव आडव्या रेघेनं खोडलेलं, शेजारी गिरींच्या अक्षरातली दुरुस्ती, खाली अध्यक्षांची सही.

“दुहेरी दोऱ्यानं शिवून राहिलो,” ते म्हणाले. “कोणी हे एक पान ओढलं, तर अख्खं पुस्तक हातात येईल.”

मी विचारलं, “चाचा, पुन्हा वाचलंत का सगळं?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी जेवलात का असं विचारावं. मग निळ्या बोटांनी दोरा ताणला, गाठ मारली, पुस्तक शिकंज्यात ठेवलं आणि दोन्ही हातांनी चाक आवळायला लागले. बसचा हॉर्न वाजला. मी निघाले. त्या हिवाळ्यात ते गेले.

आता पुन्हा निवडणुका झाल्यात, पुन्हा सभागृहं भरली आहेत. आमच्याकडं, तुमच्याकडं. पहिल्या विषयावर पुन्हा कुणीतरी ओरडत असेल, ‘वाचलं असं समजावं.’ समजू नका. या आठवड्यात एक साधा अर्ज करा, तुमच्या नगरपरिषदेच्या, तुमच्या ग्रामपंचायतीच्या मागच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागा. चार माणसं जमवा. चहाच्या टपरीवर बसा, आणि एकानं उभं राहून ते पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचा. अनुमोदकाचं नाव आलं की थांबा, आणि त्या माणसाला जाऊन विचारा, तो त्या दिवशी कुठं होता.